फेट्याचा पडदा

हसताय काय गड्यांनो, माझ्या सासऱ्याचा राग तुमी बघितला न्हाई! लढाईचे दिवस, कापड कंट्रोलात, हातभरबी मिळंना, आन आमच्या काशीला सैपाकघराच्या दाराला पडदा पायजे. एकदा रानातनं घरी येतोय तर दारात गुलाबी पडदा! जुन्या काकणांत ववून टांगलेला.

"अगं, ह्यो माझा लग्नातला फेटा न्हवं?"

"व्हय. पेटीत कसरीनं खाण्यापरीस बरा."

तो फेटा सासऱ्यानं सोताच्या हातानं माझ्या डोक्याला बांधलेला. आन दुसऱ्या दिशीच वडूजवरनं म्हातारा हजर! मी पडद्याला पाठ लावून हुबा.

"मामा, सोप्यातच बसा. आत लय धूर हाय."

"पावणं, सरका. लेकीला बघू द्या."

दार ठेंगणं. म्हातारा वाकून आत शिरला, तसा पडदा त्याच्या डोक्यावरनं घसरला. त्यानं वळून कापड चिमटीत धरलं आन वळखलं. काशी चुलीपुढं मान खाली घालून बसलेली.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "म्या एकाच डोक्याला बांधला हुता. तू तर घरात येईल त्याच्या डोक्यावर ठिवलास की!"

मग खिडकीकडं बघून म्हणाला, "ही का बिनपडद्याची ठिवलीस?" आन सोताच्या डोक्याचा फेटा सोडाय लागला.