दत्ताची सायकल कोण नेणार?

आन् तो माईक द्या इकडं. मघापासून जो उठतो तो म्हणतो, "दत्ताभाऊ समाजकार्यात पुढं व्हते." कुठलं समाजकार्य? माझा भाऊ सायकलीच्या नादात व्हता. ते एकानं तरी सांगितलं का?

मंडळी, तुमी दत्ताच्या दहाव्याला लांबून आला. मला भाषण येत नाय, चौथीत शाळा सुटली. तरी बोलते. थोरली बहीण हाये मी त्याची.

आमच्या बाच्या दुधाच्या सायकलीचा सांगाडा गोठ्याच्या माळ्यावर पडून व्हता. दत्तानं तो खाली काढला, गंज घासला. चाकं नारायणगावच्या भंगारातून आणली. चामड्याच्या शिटाला माझं सगळं खोबरेल संपवलं. मी म्हणलं, "बाबा, हे मढं कशाला उठवतो?" तर म्हणतो, "आक्के, हिच्यावर तंबू बांधून भीमाशंकरला जायाचं. मी, भरत आन् सुनील."

गेला. एकटाच गेला. हे त्याचं दोन दोस्त ऐन वेळी म्हणले, "तू हो पुढं, आमी उद्या गाठतो."

वाटंत डिंभ्याच्या धरणाकडंला तंबू ठोकला त्यानं. सकाळी गुराख्याला सापडला. झोपेतच काळीज बंद पडलं म्हणले डॉक्टर. कुणाचा दोष नाय. पण चुलीपाशी त्यानं तीन कप मांडून ठेवलं व्हतं. तीन! डोळं मिटलं की तेच दिसत्यात.

सायकल आता ओसरीत उभी हाये. वारा नसला तरी मागचं चाक टिकटिकतं. मी उठून हात ठेवते, तवा गप होतं.

आज घाटावर पिंडाला कावळा शिवंना. बायकापोरं सांभाळू म्हणलं, शिवंना. शेती बघू म्हणलं, शिवंना. शेवटी भरत हात जोडून म्हणला, "दत्ता, तुझी सायकल आमी भीमाशंकरला नेतो." तसा कावळा झडप घालून आला. बघितलं ना सगळ्यांनी?

मग मी विचारलं, "भरत, कधी निघायचं?" तर म्हणतो, "आक्के, ते कावळ्यापुरतं म्हणायचं असतं."

कावळ्यापुरतं? मग माझा भाऊ आज कुणाच्या शब्दावर गेला?

आता उभं ऱ्हावा. हात जोडा. दत्ता, बाबा, राम राम घे.

आन् भरत, सुनील, मान खाली घालू नका. तेराव्याला जेवायला याल. दारातच सांगायचं, कुठल्या दिवशी निघताय. जमत नसलं तर तेबी तोंडावर सांगा. उत्तर आल्याबिगर मी पान वाढायची नाय.