बेचाळीस पेनं आणि चिवड्याचा डबा

...आता तुम्हीच सांगा, 'जप गं बाई' म्हणलं, यात माझं काय चुकलं? पण असू द्या, घाई नाय, बैजवार सांगतो.

तुम्हाला सांगतो, शाळा मी बघितली ती बाहेरूनच. पण शाईचं जुनं पेन दिसलं की माझा पाय हलत नाय! कळवणहून पोराकडं इंदिरानगरला आलो, तवापासून जुन्या बाजारात फिरतोय. पेन अंगठ्यानं घासायचं अन् हुंगायचं. जुनं एबोनाइट, म्हंजे कडक रबर, असलं तर गंधकाचा वास येणारच! मग निब कोमट पाण्यात एक दिवस, दोन दिवस... घाई नाय. मग शाई भरून रेघ ओढायची. अक्षर नाय येत, पण रेघ खोटं बोलत नाय. अशी बेचाळीस जमली.

तर आमचा अमोल म्हणतो, "आबा, कपाट पायजे मला. ह्याला काय मोल असलं तर ठेवा, नायतर रविवारी भंगारात!" घ्या! मी जुन्या पेनांचे पारखी विश्वेश साहेब, त्यांना फोन लावला, एकेक पेन कसं दिसतं ते सांगितलं. म्हणाले, "काका, रविवारी येतो. ते हिरवं, सोन्याच्या निबचं, फार दुर्मीळ आहे हो. तोवर जपा, हरवू नका." मी मंडळीला, लंकाबाईला, म्हणलं, जप गं बाई. अन् गेलो दोन दिवस कळवणला लग्नाला.

आता हिच्या लेखी जपायची वस्तू कोणती? जिच्यावर नाव घातलंय ती! पातेलं, तांब्या, चमचासुद्धा... ही निघाली पेनं घेऊन, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडं! तो विचारतो, "मावशी, नाव काय टाकू?" आता नवऱ्याचं नाव ही घेती होय? पन्नास वर्षांत उखाण्याबाहेर घेतलं नाय! लाजली, अन् पेनं ज्यात घालून नेली होती तो घरातला डबाच पुढं केला, "ह्याच्यावर हाय तेच घाल."

रविवारी मी परतायला अन् साहेब यायला एकच गाठ. साहेबांनी भिंग लावलं अन् त्यांचा चेहराच उतरला. "अहो काका, कोरलंत? ह्याच्यावर? मोलच गेलं की सगळं... आणि हे कोंडाजी कोण?"

कोंडाजी? समोरच्या फ्लॅटातले! दिवाळीचा चिवडा आला होता त्यांच्या डब्यात, डबा परत द्यायचा राहिला! लंकाला बी कुठं वाचता येतंय? रडायलाच लागली बिचारी. म्हणलं, रडू नको गं, घाई नाय, बघू. काय बघू? कपाळ?

अमोल पेनांची पेटी भंगारासाठी उचलायला वाकला, तर सूनबाई उज्वला आडवी! "अहो, दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू भंगारात घालता? लोक काय म्हणतील? ज्याची त्याला देऊन टाका!" वाचली म्हणायची! डब्यासकट पेनं गेली समोर.

आता रोज सकाळी जातो, कोंडाजींच्या बाल्कनीत बसून एकेक धुतो, पुसतो, रेघ ओढतो... घाई नाय. काल हिरव्याची निब जरा दाबली, तर कोंडाजी पेपरातून मान वर काढून म्हणतात, "पुंजाभाऊ, जपून हं! नाव बघा कुणाचं हाय!"

काय करता? म्हणलं, "चुकलं, मालक."