ड्वेन काकांची चाळीस काडतुसं

नाही काका, हा चाळीस काडतुसांचा डबा नाही मिळायचा. – असू दे, शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय, मलाही कळतं. दुकानातली घ्या या वर्षी. – हसताय काय? परक्याने भरलेलं काडतूस इथे मॉन्टानात कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही, पण सख्ख्या भावाचं डोळे झाकून घालतो, म्हणूनच तर सांगतोय! ही डब्यावरची तारीख वाचा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. परवा भरलीत ती बाबांनी, परवा! बाबा टेबलाशी बसतात, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू ओततात, जरा खिडकीबाहेर बघतात – आणि त्याच पुंगळीत परत ओततात. खांद्याला धक्का नको म्हणून त्यांचं माप अर्ध्या पुंगळीचं, त्यामुळे दुप्पट पडली तरी सांडत नाही. वर गोळी दाबली की झालं, बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही, कळेल ते बंदूक तोंडावर फुटल्यावर. मग मी काय करतो? दुपारी ते झोपले की एकेक काडतूस त्या पोकळ हातोडीत अडकवून ठोकतो, गोळी काढतो, दारू परत बरणीत. दुसऱ्या दिवशी तीच दारू, त्याच पुंगळ्या, बाबा पुन्हा खूश. डॉक्टर म्हणतो, हे विसरणं बरं व्हायचं नाही. बाबांसाठी कॉलेज सोडून आलो तेव्हा भरल्या ताटावर मला ऐतखाऊ म्हणालात ना – तुम्ही किती वेळा आलात हो भावाला बघायला? काडतुसं न्यायला तेवढे बरोबर येता.

केनीचं काय? – केनीचं मधेच कशाला? बंदूक फुटून तुमच्याच पोराचा डोळा गेला, आणि तुम्हीच म्हणालात, बंदूक जुनी, नळी गंजलेली. बाबांनीही मान डोलावली. दोघा भावांनी मिळून लोखंडावर ढकललं, मोकळे झालात! मी तरी गेल्या वर्षी सगळे डबे ठोकून काढले होते – सगळे म्हणजे – एक राहिला. मनगटं भरून आली होती, कंटाळा आला, म्हटलं एकाने काय होतंय...

हो. बाबा दुप्पट ओततात हे माहीत होतं मला. गेल्या ऑगस्टपासून. केनी तोच डबा घेऊन गेला तेव्हा मी इथेच, दारात उभा होतो.

काका, शिव्या द्या. – आत नका जाऊ, ते बसलेत टेबलाशी. विचारलं तर म्हणतात, यंदा केनीसाठी जास्त भरतोय. त्यांना नका सांगू. – टोपी घ्या तुमची. जा.