माझं आतडं आणि चार लोक

...आणि वर मलाच म्हणतात, हळू बोल! का हळू बोलू? आतडं माझं गेलंय ना? मोठं आतडं, अख्खं, काढलं ऑपरेशन करून, आता पोटावर पिशवी आहे, शी त्या पिशवीत जमा होते, संपला विषय! पण नाही. आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये बाबांनी काय सांगितलं? अपेंडिक्स! का? तर, "चार लोकांत सांगण्यासारखं आहे का हे?"

तुम्हाला सांगतो, तीन वर्षं शीतून रक्त पडत होतं. लेक्चरला बसलो की पळ, पेपरला बसलो की पळ, इंजिनिअरिंग सुटलं त्यात. आमचे रावसाहेबकाका, बाबांचे थोरले भाऊ, हडपसरला असतात, ते भर पंगतीत म्हणाले, "अभ्यासाचं नाव काढलं की याला संडास आठवतो." हसले हो सगळे! म्हटलं, काका, आजार आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. तर म्हणे, "हळू! चार लोकांत सांगण्यासारखं आहे का हे?"

तर ऑपरेशन. सर्जन मॅडम एक नंबर! दुसऱ्याच दिवशी उभं केलं मला. "चाला. लोळत पडलात तर ताकद येणार नाही. घरी गेल्यावर अंडी, पनीर, थोडं थोडं पण सारखं खायचं. आणि मीठ-साखरेचं पाणी चुकवायचं नाही, ते शोषून घेणारं आतडंच आता नाहीये तुमच्याकडे. वजन वाढवून या, दुसरं ऑपरेशन करू, पिशवी काढू." कळलं की नाही तुम्हाला? आईबाबांनाही कळलं. मान डोलावली, हो हो केलं... आणि घरी येऊन फोन कुणाला? हडपसरला!

काका आले, सोफ्यावर बसले, निकाल दिला. "हालायचं नाही, टाके तुटतील. मीठ बंद, मिठानं टाके पिकतात."

"अहो, मॅडम म्हणाल्या..."

"आमच्या वेळी असंच करायचे."

"तुमच्या वेळी माणसं मरायची, काका!"

झालं! आई रडायला लागली, बाबा म्हणाले, थोरल्यांशी असं बोलतात? आणि ताटात आली अळणी पेज. म्हटलं, निदान खाली चक्कर मारून येतो. तर बाबा दारात आडवे! "शर्टातून फुगलेलं दिसतं. चार लोकांत..." अरे कोण आहेत हे चार लोक? माझं आतडं काढताना कुठे होते?

व्हायचं तेच झालं. बाथरूममध्ये कोसळलो. पुन्हा ॲडमिट, सलाइन, मॅडम तापलेल्या. "मीठ कुणी बंद केलं यांचं? किडनीवर गेलं असतं!" आई, बाबा, काका, तिघंही पंख्याकडे बघतायत, जसं काही पंख्यानंच बंद केलं! वजन आणखी उतरलेलं. दुसरं ऑपरेशन पुढे ढकललं. किती पुढे? "आधी अंगावर मांस येऊ दे," म्हणाल्या.

म्हणजे ही पिशवी आणखी काही महिने माझी. कुणामुळे?

घरी आलो तर हॉलमध्ये शेजारच्या कादंबरीकाकू चहा पितायत आणि आमचे काका त्यांना सांगतायत, "हल्लीच्या पोरांना साधं अपेंडिक्स सोसत नाही!" डोकंच फिरलं. शर्ट वर केला. "बघा! हे अपेंडिक्स!" कादंबरीकाकूंनी कपबशी खाली ठेवली. "अगं बाई," म्हणाल्या, आणि मग, "दुखतं का रे?" बस्स. सगळ्या क्वार्टर्समध्ये हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं!

काका उठले. मला गॅलरीत घेऊन गेले. म्हटलं, आता भाषण. मीही तयार होतो, काय काय ऐकवायचं ते सगळं ओठांवर. तर त्यांनी मागे बघितलं, दार लोटलं आणि म्हणाले,

"ते... रक्त... तुला कसं पडायचं रे? लालच ना?"

"तुम्हाला कशाला?"

"असंच."

असंच म्हणे! म्हणून नीट बघितलं त्यांच्याकडे. तेव्हा लक्षात आलं, गळ्याशी बोटभर सैल झालाय शर्ट यांचा.

"कधीपासून, काका?"

"दिवाळीच्या आधीपासून. तुझ्या काकूला बोलू नकोस. चार लोकांत सांगण्यासारखं आहे का हे?"

ओरडणार होतो हो! शपथ, तोंड उघडलंही होतं. पण ते पुन्हा वळून दार नीट लागलंय का बघत होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा या माणसावर नीट रागावता येईना. काय करणार? लावला मॅडमकडे नंबर, उद्याचा. मी नेतोय त्यांना, रिक्षानं.

आणि आत्ताच सांगून ठेवतो, मॅडम विचारतील, "पेशंट कोण?" आणि हे माझ्याकडे बोट दाखवतील.