नजरेने आलेले डोळे

सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल, पण दवाखान्याच्या बाकावर शिवणकारखान्याचे मास्तर आणि त्यांच्याकडची शिलाईवाली बाई, दोघंही काळे चष्मे लावून भांडत होती, आणि ते मी याच कानांनी ऐकलं.

“मास्तर, साथ माझ्यामुळे आली म्हणून मला घरी बसवलंत?”

“पहिले डोळे तुमचेच आले, बाई. तुम्ही सगळ्यांकडे बघत बसलात. नजरेने पसरतं ते!”

“नजरेने पसरतं? मग डोळे वटारून बघणारी माझी सासू पहिल्याच दिवशी आडवी झाली असती!”

“चेष्टा पुरे. म्हणूनच मी सगळ्यांना काळे चष्मे वाटले.”

“वाटलेत ना! त्या काळोखात शेजारणीने शर्टाची कॉलर पँटला शिवली. आणि नळापाशी तीस जणींना टॉवेल मात्र एकच, तोही मीच लाल दोऱ्याने कडा शिवून दिलेला!”

नर्सबाईंना राहवेना. “अहो, बघून डोळे येत नाहीत. विषाणू डोळ्यांच्या पाण्यातून हाताला लागतो, हातावरून टॉवेलला, आणि टॉवेलवरून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो.”

“ऐकलंत? बरी झाले की माझं मशीन मला परत हवं!”

“मुळीच नाही! त्या टॉवेलला मी कधी बोटही लावलं नाही, तरी मला आलेच ना?” मास्तरांनी चष्मा वर करून डोळे टिपले.

“मास्तर, मग आत्ता डोळे पुसताय त्या टॉवेलाला लाल दोऱ्याची कडा कशी?”