आठवड्याला एकच भाग

…बरं, चार दिवस माणूस खुर्चीतून हलायला तयार नाही, आता यात मी काय करणार होतो, तुम्हीच सांगा. पण भाचीचा फोन आला, ‘मामा, तुम्ही या, बाबा नुसते बघतायत,’ आणि मामा म्हटलं की जावंच लागतं, मामा म्हणजे घरातला अग्निशामक बंब, एरवी कोपऱ्यात पडून असतो, कोणी पुसत नाही.

तर तुम्हाला सांगतो, हे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बोलणं आधीच मोजकं, आणि आठ महिन्यांपूर्वी ताई गेली, तेव्हापासून तेवढंही आटलं. रडले नाहीत, चिडले नाहीत. ‘दाजी, कसं वाटतंय?’ ‘ठीक.’ ‘भाजीत मीठ बरोबर आहे का?’ ‘असेल.’ असेल म्हणे… जीभ त्यांची, भाजी त्यांच्या तोंडात, आणि मीठ असेल.

म्हणून भाचीनं शक्कल लढवली. पूर्वी दर शुक्रवारी एक कौटुंबिक मालिका लागायची, ताई आणि दाजी दोघं मिळून बघायचे. ती सगळीच्या सगळी तिनं टीव्हीवर शोधून काढली. एकशे शहात्तर भाग. बाबांचा जीव रमेल. रमला कुठला? दाजी नुसते बघतायत.

मीही बसलो बाजूला. आणि अहो, ही मालिका आपण जीव टाकून बघत होतो? सहा मिनिटं मागच्या भागात काय झालं ते, तीन मिनिटं गाणं, गाण्यात सात माणसं एकेक करून मान वळवणार… एकदा ठीक आहे, सत्तर वेळा? श्रीमंताच्या बंगल्यात जी फुलदाणी, तीच गरिबाच्या खोलीत, तीच पोलीस चौकीत. सून चौदा महिने गरोदर, आणि घरात कुणी बोटांवर मोजत नाही. शेवटी दारावर थाप, ‘कोण आहे?’, भाग संपला. तेव्हा सात दिवस जीव टांगणीला लागायचा, ताई ओट्यापाशी अंदाज बांधायची, दाजी डबा भरता भरता खोडून काढायचे. आता दहा सेकंदांत कळतं. दूधवाला. मी कपाळावर हात मारला. दाजी नुसते बघतायत.

आणि मग लागला चौऱ्याहत्तरावा भाग. तुम्हाला सांगतो, या एका भागावरून त्या घरात बावीस वर्षं वाद चालला होता. त्यात मालिकेतले थोरले काका जिन्यावरून पडतात. त्या शुक्रवारी दाजी कुठल्याशा इमारतीत, लिफ्टमध्ये अडकलेली चार माणसं बाहेर काढत होते, भाग हुकला. ताई आमच्याकडे आली होती. घरी गेल्यावर म्हणाली, ‘भावाकडे वीज गेली, मलाही नाही दिसला.’ पुढच्या शुक्रवारी सहा मिनिटांच्या उजळणीत नेमकं पडणंच नाही, काका थेट पट्टी बांधून दवाखान्यात. झालं. ताई म्हणायची, सुनेनं ढकललं. दाजी म्हणायचे, पाय घसरला. ‘तुम्हाला बाईची नजर कळत नाही.’ ‘तुला जिना कळत नाही.’ बावीस वर्षं.

पडद्यावर काका आले, सून चार हात लांब, काकांचा पाय सतरंजीवरून सरकला आणि धाडधाड खाली. दाजींनी टीव्ही थांबवला. चार दिवसांत पहिल्यांदा.

‘मी म्हणत होतो,’ दाजी म्हणाले. ‘घसरला.’

आवाजात जिंकल्याची खूण नाही, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली असं सांगावं, तसं.

आता माझी पंचाईत. ताईनं शपथ घातली होती. पण ती घालणारीच गेली, मी कुणासाठी गिळून बसू?

‘दाजी, त्या दिवशी आमच्याकडे वीज होती.’

दाजी बघत राहिले. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे.

‘ताईनं अख्खा भाग बघितला होता. तुमचं बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. मी विचारलं, मग खोटं का सांगतेस? तर म्हणाली, “अरे, खरं सांगितलं तर ते हं म्हणतील आणि जेवायला बसतील. मग शुक्रवारपर्यंत मी बोलू कुणाशी?”’

दाजींनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला.

‘हसली होती का, बघताना?’

‘पोट धरून.’

भाची दारात उभी होती, ती आत आली नाही. शेवटी दाजींनी टीव्ही बंद केला.

‘आज वार कोणता?’

‘मंगळवार.’

‘मग शुक्रवारी ये. आठवड्याला एकच.’

म्हणजे तिथून पुढे एकशे दोन शुक्रवार. भाग संपला की विचारतात, ‘पुढे काय होईल रे?’ मी काहीतरी चुकीचं बोलायचं आणि आठवडाभर त्याला चिकटून राहायचं. बुधवारी फोन, ‘विचार केला, तुझं काही खरं नाही.’ परवा तर भाचीला म्हणाले, भाजी खारट झालीय. तिला रडूच फुटलं. पण मागच्या खेपेला माझा अंदाज नेमका बरोबर निघाला, तर दाजी ‘हं’ म्हणाले आणि जेवायला बसले.

तेव्हापासून मी सगळे भाग घरी आधीच बघून ठेवतोय, सलग. चुकायलाही अभ्यास लागतो, दुसरं काय.