आप्पांची बिनब्रेकची जीप

हॅलो?… हां अण्णा, मीच फोन लावलता… न्हाय, तू नंतर बोल, आधी माझं ऐक. जीप गेली!… चोरीला न्हवं रं, आप्पाच घेऊन गेल्यात… व्हय, आपलीच. सुरू झालती… अरं आनंद काय करतोस, ब्रेक न्हाईत तिला!

कोगनोळीच्या चेकपोस्टजवळ, हायवेच्या कडेला समतानं स्कूटर उभी केली होती. शाळेची पर्स गळ्यात तशीच. एका कानात बोट घालून ती पुण्यातल्या थोरल्या भावाशी, दीपंकरशी बोलत होती, आणि समोरून ट्रक गेला की तिची नजर आपोआप त्याच्यामागं धावत होती.

काय?… मोठ्यानं बोल की!… ब्रेकचा सिलेंडर दुरुस्तीला कोल्हापूरला दिलाय… हँडब्रेकबी न्हाय. वायर गंजून तुटल्याली… सांगितलतं रं! दहादा सांगितलतं, आप्पा, ब्रेक बसल्याबिगर गाडी हलवायची न्हाय. व्हय व्हय म्हणाले, आन ही बघ तऱ्हा.

समताचे वडील सिद्राम लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी लिलावातून ही जुनी मिलिटरी जीप घेतली आणि कोगनोळी ते निपाणी वडाप, म्हणजे शेअर जीपची प्रवासी वाहतूक, सुरू केलं. त्या वडापावर दीपंकर इंजिनिअर झाला, समता शिक्षिका झाली. पुढं अंग थकलं तशी जीप घरामागच्या चिंचेखाली थांबली, ती थांबलीच. पावसानं तिचा तळ खाऊन चाळण केली. दाराच्या पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागले, मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. गेल्या दिवाळीपासून मात्र बापलेक दर रविवारी तिच्याशी झुंजत होते. रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. सिद्राम गंज खरवडायचे, समता वेल्डिंगवाल्याला पत्रा धरून द्यायची. दोघंही संध्याकाळी विटेच्या भुकटीत लोळल्यासारखी लाल होऊन घरात यायची. तानुबाई, समताची आई, तिकडं फिरकायचीसुद्धा नाही. "घाला भंगारात," एवढंच म्हणायची आणि पाणी तापवायला जायची.

मी?… मी शाळेतनं आलो तर चिंचेखाली नुसतं तेलाचं डबकं… आईबी घरात न्हाय. विहारात गेली असंल, कडी लावल्याली हाय. तिला कळलं तर काय म्हणंल सांग बरं… फोन कुठला नेतात आप्पा! चार्जिंगलाच हाय… अण्णा, ओरडू नको. मला ओरडून काय हुणार हाय?… व्हय, काल इंजिन सुरू केलतं, दोघांनी मिळून. खोकलं, खोकलं, आन धरलं की रं! आप्पा नुसते बोनेटवर हात ठेवून उभे. मी म्हटलं, बास आता, बंद करा. तर हात काढंनात.

एक टँकर हॉर्न वाजवत गेला. समतानं डोळे मिटले.

हां, हाय, हाय… चेकपोस्टला विचारलं की. लाल प्रायमर मारलेली जीप आन म्हातारा माणूस बघितला का म्हणून. 'इल्री मॅडम', न्हाय म्हणाला पोलीस. हायवेला आलेच न्हाईत… देवचंद कॉलेजकडं?… न्हाय, निपाणीकडंबी न्हाय. वडापवाल्या भावकूला विचारलं, तो स्टॉपवरच बसलाय दुपारपासनं… मग कुठं गेले? मलाच काय विचारतोस?… थांब. थांब जरा. टाकी!… अरं टाकी काढल्याली हाय तिची. गंजून भोकं पडलीती. आता बाटली बांधून पेट्रोल सोडलंय इंजिनला… लिटरभरबी नसंल. म्हंजे लांब न्हाय गेले, अण्णा! हायवे न्हाय, तर माळाची पाणंद… व्हय, निघालो. ठेवू नको हं फोन. पर्समधी टाकतो, ऐकत ऱ्हा.

पाणंदीत स्कूटर खडखडत, उड्या मारत चालली. दोन्ही बाजूंना ऊस. मऊ मातीत रुंद टायरचे ताजे वण उठले होते. एका वळणावर ते पार बांधाच्या कडेपर्यंत गेले होते. पुढं अक्काताई वैरणीचा भारा बांधत होती. समतानं तिला विचारलं, ऐकलं, आणि फोन पुन्हा कानाला लावला.

अण्णा?… वर माळाकडं गेली म्हणत्यात अक्काताई. आन… आन आत दोघं जण होती म्हणत्यात… मला काय ठाऊक कोण! कुणाला घेतलं असंल बरोबर? कुणाच्या पोराबाळाला काय झालं तर… न्हाय, न्हाय बोलत तसं. चल.

चढ लागला. स्कूटर कण्हायला लागली. आणि माथ्याच्या अलीकडं तिला लाल पाठ दिसली.

दिसली! अण्णा, दिसली! उभी हाय, सरळ उभी हाय… आप्पाऽऽ!

पेट्रोल संपून जीप चढावरच थांबली होती. सिद्रामनी ती गिअरमध्ये ठेवली होती आणि स्वतः खाली उतरून चाकाला लावायला धोंडा शोधत होते. पुढच्या सीटवर, म्हणजे नुसत्या लोखंडी चौकटीवर पोतं घातलेलं, त्यावर तानुबाई बसली होती. अंबाडा सुटलेला. पदर कमरेला खोचलेला. दोन्ही हातांनी पुढची दांडी धरलेली.

अण्णा… आई हाय रं… आई! आपली आई!… न्हाय, लागलं न्हाय कुणाला. दोघंबी बरी हाईत… थांब, विचारतो. आई, तू कशी काय बसलीस हिच्यात?

तानुबाई बोलत होती ती समोरच्या माळाकडं बघत. समता ऐकत राहिली. फोनमधून दीपंकरची हाक येत होती.

हां… ऐकतोय. सांगतो. आई म्हणते, इतकी वर्सं गाडी दारात हुती, पर पुढं कवा बसलो न्हाय. पुढची जागा पॅसेंजरची. बाजाराला गेलो तरी मागं, पाट्यांच्यात… आज आप्पा म्हणाले, पुढं मोकळं हाय, येतीस काय. तर आली… मला काय म्हाईत रं, मलाबी आत्ताच कळतंय. आपण दोघं तर पुढंच बसायचो, आप्पांच्या मांडीवर… रडत न्हाय मी. वारं लागतंय हितं.

रागवू? रागवायलाच आलतो की. आप्पांचं तोंड बघ म्हणावं, खुशाल हसाय लागल्यात… न्हाय, चालवत न्हाय आणायची! भरमाचा ट्रॅक्टर बोलावतो, दोर लावून नेऊ… आई, उतर आता. ट्रॅक्टर यायला वेळ हाय… काय? अण्णा, उतरत न्हाय म्हणते. ओढून न्या, कशीबी न्या, म्हणते, मी हितंच बसणार. आन मागच्या वाटेनं न्हाय, गावातनं न्या म्हणते. सगळ्यांनी बघू दे.

काय बोलायचं हिला, सांग… आप्पा, त्यो न्हवं, मोठा धोंडा घ्या, मोठा!… आई, हलू नगंस, सरकतीया गाडी! अण्णा, ठेवतो, ठेवतो, दोन्ही हात पायजेत मला—